आमच्या तालुक्यातलं शून्य

“सही करा, मॅडम. परवा टोळी निघायलीय.”

आशामती टेबलापुढं उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. खुर्चीला डाग पडेल म्हणून ती उभी होती, हे शेख सिस्टरनं मला हळूच सांगितलं. मी म्हटलं, “पडू दे. खुर्ची सरकारची आहे, धुता येते.” तेव्हा ती कडेला टेकली, तीही अर्धीच.

तिशीची बाई. तीन लेकरं. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणारे. आमचा तालुका कोणता ते सांगत नाही, परभणी जिल्ह्यातला आहे एवढं पुरे. गंगाखेडला साखर कारखाना आहे, पण आमच्या गावांतल्या टोळ्या त्याच्याही पलीकडं लांब जातात. कोल्हापूरकडं, कर्नाटकाकडं. दिवाळीच्या मागंपुढं गावं रिकामी होतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडावर परत भरतात. त्या गावांच्या मधोमध असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी.

“कशाची सही?”

“पिशवी काढायची. नाईकवाडे डॉक्टर म्हणले, सरकारी डॉक्टरची सही आणा, मंग काढतो.”

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं कुणी गर्भाशय म्हणत नाही. अंगावरून पांढरं गेलं, पाळीत जास्त गेलं, कंबर दुखली, की बाई खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे असं सांगतात. पुढं कॅन्सर होईल अशी भीती घालतात. आणि पोरगी तिशी ओलांडायच्या आत तिची पिशवी निघते. बऱ्याच वेळा जो आजार गोळ्यांनी बरा झाला असता, त्याच्यासाठी.

हे थांबावं म्हणून नियम आला होता. तरुण बाईची पिशवी काढायची तर खासगी डॉक्टरला आधी सरकारी डॉक्टरचं लेखी मत घ्यावं लागेल. आधी तीन महिने औषधं. दर महिन्याला त्याच केंद्रात तपासणी. तरी फरक पडला नाही तर सही.

हा नियम माझा लाडका होता. लाडका म्हणजे काय, मी त्याच्यासाठी भांडले होते. माझ्या घरात देव्हारा नव्हता, चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा होता. वडील लिहायचे, आई तपासायची, मी घड्या घालायचे. इंटर्नशिप करताना मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं: ‘पिशवी काढू नका, आजार काढा.’ बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहून वाटलं होतं. पुढं जिल्ह्यात नियमाचा मसुदा करायला डॉक्टरांची समिती बसली, तेव्हा सगळ्यांत तरुण सदस्य म्हणून मला बोलावलं. डॉक्टरनं फक्त नाडी बघायची नसते, ज्या धोरणामुळं नाडी बिघडते त्यातही हात घालायचा असतो, असं मी तिथं बोलले. आजही मला ते खरं वाटतं. कसं घालायचा, एवढंच कळेनासं झालंय.

तर आशामती. मी तपासलं. जंतुसंसर्ग होता, रक्त कमी होतं, पाळीत जास्त जात होतं. गाठ नव्हती. कॅन्सरसारखं काही दिसत नव्हतं. गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं.

“काढायची गरज नाही,” मी म्हटलं. “गोळ्या देते. महिन्यानं परत या.”

“महिन्यानं म्या कुठं असंन, तुमाला ठाव हाय का?”

“ऑपरेशन केलंत तरी दीड-दोन महिने जड काम करता येत नाही, बाई. मग कशा जाल?”

“नाईकवाडे डॉक्टर म्हणले, पंधरा दिसांत उठून चालताल. आमी मागून जीपनं जाऊत. मुकादमाला शब्द दिलाय.”

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरते. बाई आजारी पडली की कोयता मोडतो, आणि मोडलेल्या कोयत्याला टोळीत जागा नसते. हे मला ऐकून माहीत होतं. पत्रकात लिहिलंही होतं.

“पिशवी काढली की हाडं लवकर झिजतात,” मी समजावलं. “अंगात वाफा येतात. वय नसताना म्हातारपण येतं. पाळी म्हणजे काही रोग नाही.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “मॅडम, तुमाला पाळी येती?”

“येते की.”

“मंग तवा तुमी कुठं असता?”

शेख सिस्टर पाठमोरी होऊन ट्रे पुसायला लागली.

“आमी फडात असतोत,” आशामती म्हणाली. “आडोसा न्हाई, पाणी न्हाई. कापड बदलायला उसात शिरावं तर बाप्ये बगायलेत. भिजलेल्या कपड्यावर मोळ्या वाहायच्या. मांड्या सोलून निघत्यात. आन खाडा केला की मुकादम नवऱ्याला बोलतो, नवरा मला. तुमी म्हणताव रोग न्हाई. न्हाई तर न्हाई. पर मला नको हाय ती.”

मी सही केली नाही. जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या, रक्तवाढीच्या दिल्या, जास्त जाणं थांबवणाऱ्या दिल्या. नियमाप्रमाणं एका महिन्याच्या. जाताना ती दारात थांबली. “चांगलं हाय,” म्हणाली. “तुमचं बी चांगलं, नाईकवाडे डॉक्टरचं बी चांगलं.” टोमणा होता की खरंच, कळलं नाही.

“दिल पे मत लो, मॅडम,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही बरोबरच केलं.”

मलाही तसंच वाटत होतं. वाईट वाटत होतं, पण बरोबर वाटत होतं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला या दोन गोष्टी एकदम वाटायची सवय असते.

हिवाळ्यात आढावा बैठक झाली. तालुका आरोग्य अधिकारी डॉ. खंदारे माझे साहेब. शांत माणूस, भांडण नको असतं त्यांना, पण या नियमासाठी ते चक्क वरच्यांशी भांडले होते. त्यांनी उभं राहून सांगितलं, नियम लागू झाल्यापासून आमच्या तालुक्यातल्या एकाही दवाखान्यात तरुण बाईची विनाकारण पिशवी काढलेली नाही. शून्य. टाळ्या वाजल्या. मला गुलाबाचं फूल मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात माझे डोळे मिटलेले होते. वडिलांनी तरी कापून ठेवला.

मग पट्टा पडला आणि टोळ्या परतल्या.

आशामती एका सकाळी ओपीडीत आली. या वेळी सांगायच्या आत खुर्चीवर बसली, टेकून.

“काय होतंय?”

“वाफा निघायल्यात अंगातून. बसल्या जागी घाम सुटतोय. हाडं दुखायलेत. झोप न्हाई.”

असं पन्नाशीची बाई सांगते. तिशीची सांगत नाही. मी तिला तपासणीच्या टेबलावर झोपवलं. पोटावर टाक्यांचा आडवा व्रण होता. नवा, अजून लालसर.

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं भिंतीकडं बघितलं.

“कुठं केलं?”

“कारखान्यापाशी. तिकडं कुणी सही मागत न्हाई.”

नियम आमच्या जिल्ह्याचा. कारखाना दुसऱ्या टोकाला. तिथल्या दवाखान्याला आमच्या सहीशी देणंघेणं नव्हतं.

“गोळ्या घेतल्या नाहीत का?”

“घेतल्या की! सरस्तोवर घेतल्या. फरक बी पडला होता. खोटं कशाला बोलू? मंग सरल्या. तिकडं सरकारी दवाखान्यात गेलो तर म्हणले, जिथं चालू केल्या तिथून घ्या. पुन्ना लय जायला लागलं. फडात चक्कर येऊन पडले. मुकादमानंच नेलं गाडीत घालून. त्येचा ठरलेला दवाखाना हाय.”

“काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का?”

“मला काय ठाव? ट्रेमधी घालून नवऱ्याला दावली म्हणं. ‘बगा, किती खराब झालती.’ त्यो बगून आला आन दोन रोज जेवला न्हाई.”

काढलेला अवयव प्रयोगशाळेत पाठवला तर तो खराब होता की नाही ते कळतं. पाठवला नाही तर कधीच कळत नाही. पिशवीबरोबर बाजूचे बीजांडकोशही काढले होते का, हेही तिला माहीत नव्हतं. तिची लक्षणं सांगत होती की काढले असावेत. ते बीजांडकोशच शरीराला तरुण ठेवणारी द्रव्यं तयार करतात. मी तिला कॅल्शियम लिहून दिलं. तिला हार्मोनच्या गोळ्यांची गरज होती आणि त्या आमच्या केंद्राला मिळत नाहीत. त्यासाठी परभणीला जायची चिठ्ठी लिहिली.

मला तिच्यावर रागवायचं होतं. तो डॉक्टर, तो मुकादम, तिचा नवरा, सगळ्यांवर रागवायचं होतं. माझं घराणंच रागाचं आहे. पण राग टेकवायला जागा सापडेना. गोळ्यांनी फरक पडत होता, म्हणजे माझं निदान बरोबर होतं. गोळ्या संपल्या, कारण नियमात दर महिन्याला तपासणी होती. दर महिन्याला तपासणी हे चांगलं वैद्यक आहे. कुठल्याही पुस्तकात तेच सापडेल. आणि ज्या बायकांसाठी नियम केला त्या अर्धं वर्ष गावातच नसतात, हे आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत आहे. समितीत आम्ही सगळे याच जिल्ह्यातले डॉक्टर. तरी एकाच्याही तोंडून ते निघालं नाही.

“तुम्हाला आता कसं वाटतंय?” मी विचारलं. “काढली ते बरं झालं की वाईट?”

ती हसली. “पाळी गेली ते लय बरं झालं. बाकी समदं वाईट झालं. काय सांगू?” उठता उठता म्हणाली, “तुमी नको म्हणलाव. मंग काय, ते न्हाई सांगितलाव.”

त्या आठवड्यात सिस्टरनं एक काम सुरू केलं. परत आलेली बाई कुठल्याही कारणानं आली, खोकला असो की लेकराचा ताप, की सिस्टर तिला आडोशाला नेऊन पिशवी काढली का ते विचारायची. बाहेर येऊन माझ्याकडं बघून मान हलवायची. कधी आडवी, कधी उभी. उभ्या माना वाढत गेल्या तसं मी तिच्याकडं बघायचं टाळायला लागले.

खंदारे साहेबांकडं गेले. ते नियमाच्याच फाइलवर वाकलेले होते. नियमाची मुदत संपत होती. वाढवायची की नाही, हे ठरवायला बैठक होती. खासगी डॉक्टरांकडून नाईकवाडे येणार होते आणि त्यांना नियम रद्द हवा होता.

मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

“कुणाला बोललीस?”

“तुम्हालाच.”

“मग आता कुणालाच बोलू नको. बैठकीत तुला बोलायचंय. शून्य सांग आणि बस खाली.”

“सर, शून्य खोटं आहे.”

“खोटं कसं? आपल्या तालुक्यात झालं का एखादं?”

“नाही.”

“मग?”

“बाई तर आपल्याच तालुक्यातली आहे ना.”

त्यांनी चष्मा परत घातला. “हे बघ, पोरी. तू हे बोललीस की नाईकवाडे काय म्हणणार? म्हणणार, नियमाचा उपयोग नाही, काढून टाका. आणि काढला तर काय होईल? आधी होत होतं तेच. ज्या चार जणी गावातच राहतात त्या तरी नियमामुळं वाचल्या असतील की नाही?”

“असतील.”

“मग त्यांच्यासाठी गप्प बस.”

हे पटलं. खरंच पटलं. हे इथं लिहिते कारण वाचणाऱ्याला वाटेल की साहेब घाबरट होते. नव्हते. त्यांचं म्हणणं मला तेव्हा खोडता आलं नाही आणि आजही पुरतं येत नाही. खरं बोलले तर चांगला नियम मरेल. गप्प बसले तर अर्धा नियम पूर्ण म्हणून मिरवत राहील आणि दर हंगामात एखादी आशामती तिकडं चक्कर येऊन पडत राहील.

घरी वडिलांना विचारलं. आयुष्यभर पत्रकं लिहिलेला माणूस. वाटलं, एका वाक्यात सांगतील. ते म्हणाले, “विरोधकाच्या हातात काठी देऊ नये.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “पण लपवलेली काठी त्याला सापडली तर जास्त लागते.” मग चहा मागितला. आई आतून म्हणाली, “त्या बाईला विचारलं का?”

विचारलं. आशामती कॅल्शियमच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा म्हटलं, “तुमचं नाव न घेता हे बैठकीत सांगू का?”

“सांगून काय होईल?”

“माहीत नाही. कदाचित नियमच जाईल.”

“मंग सांगता कशाला?”

“न सांगून तरी काय होईल?”

“ते बी खरं हाय,” ती म्हणाली. बाहेर रांग लागली होती. शेवटी तीच उठली. “सांगा. नाव घेतलं तरी चालतंय. तुमच्या बैठकीतलं कोण मला वळखतंय?”

बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, वर पंखा. अध्यक्षस्थानी एक वरिष्ठ अधिकारी बाई. खंदारे साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“बोला, डॉक्टर. तुमच्या तालुक्याचं कौतुक ऐकलंय.”

“मॅडम, आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांचा आकडा शून्य आहे,” मी म्हटलं. “आमच्या तालुक्यातल्या बायकांचा आकडा शून्य नाही. तो किती आहे, मला माहीत नाही. त्यांची ऑपरेशनं कारखान्यांजवळ होतायत आणि आपण ती मोजत नाही.”

नाईकवाडे खुर्चीत पुढं सरकले. गोरेगोमटे, पन्नाशीचे, बोलायला गोड. “मी हेच म्हणत होतो ना, मॅडम! बाई थांबत नाही. निदान ऑपरेशन इथं व्हायचं तेव्हा आम्ही नंतर टाके तरी बघत होतो. काय उपयोग या नियमाचा?”

“डॉक्टर, तुम्ही माझ्या सहीला पाठवलेल्या बाईला पंधरा दिवसांत फडावर पाठवणार होता,” मी म्हणाले.

“ती जाणारच होती! मी नाही म्हटलं असतं तर थांबली असती का?”

मी नाही म्हटलं होतं. ती थांबली नव्हती.

“मग तुमचं म्हणणं काय, नियम काढायचा?” अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

“नाही.”

“ठेवायचा?”

“आहे तसा नाही.”

“मग कसा?”

“मॅडम, मला नक्की माहीत नाही.”

कुणीतरी हसलं. सरकारी बैठकीत हे वाक्य कुणी बोलत नाही. त्याच्याऐवजी ‘प्रस्ताव सादर करतो’ म्हणायची पद्धत आहे. माझे कान तापले. मग मला आठवेल तसं मी बोलत गेले, ओळीनं नाही. हंगामाला निघायच्या आधी गावात जाऊन बायका तपासायच्या. गोळ्या महिन्याच्या नाही, हंगामभराच्या द्यायच्या. पट्टा पडल्यावर परत आलेल्यांना विचारायचं. ऑपरेशन दवाखान्याच्या गावावर नाही, बाईच्या गावावर मोजायचं. आणि फडावर पाणी, आडोसा, पाळीची सुट्टी. “हे नसेल तर,” मी म्हटलं, “पिशवी वाचवा असं तिला सांगायला मला तोंड नाही.”

“फडावरचा आडोसा आरोग्य विभागाचा विषय नाही,” एक साहेब म्हणाले.

“मग पिशवी कुठल्या विभागाची आहे, सर?”

हे मी जरा जोरात बोलले. पत्रकाची सवय. त्यानंतर पहिल्यांदाच खंदारे साहेबांनी तोंड उघडलं. “मॅडम, गोळ्यांचं आमच्या तालुक्यात करून बघतो. परतल्यावरची मोजणीही करतो.” आणि मग माझ्याकडं न बघताच पाणी प्याले.

नियम राहिला. एका वर्षासाठी. हंगामभराच्या गोळ्या मंजूर झाल्या. परतलेल्या बायकांची गावनिहाय मोजणी करावी असं सगळ्या तालुक्यांना कळवलं. फडावरचा आडोसा ‘संबंधित विभागाकडं वर्ग’ झाला. वर्ग म्हणजे काय, हे शेख सिस्टरला मी सांगायला गेले तर ती म्हणाली, “समझ गई, मॅडम.”

आता निकाल. आमच्या तालुक्यानं मोजलं. मान हलवून नाही, गावोगाव जाऊन, विचारून. बाकी बहुतेकांनी दवाखान्यांना फोन करून विचारलं आणि पुन्हा शून्य कळवलं. सगळे आकडे एकत्र मांडले तेव्हा जिल्ह्यात सर्वांत वाईट तालुका आमचा ठरला. त्याच वर्तमानपत्रात बातमी आली, या वेळी फोटो नव्हता. खंदारे साहेबांना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं आणि विचारलं, “आता काय लिहू? आम्ही विचारलं म्हणून?”

“तेच लिहा, सर.”

“तुझ्या बापानं पत्रकं लिहिली, मला खुलासे लिहायला लावलेस,” म्हणाले. पण तेच लिहिलं.

यंदा टोळ्या निघायच्या आधी आशामती आली. आता ती मोळ्या वाहू शकत नाही, लेकरांकडं गावातच थांबते. नवरा चुलतभावाबरोबर जातो, दोन पुरुषांचा कोयता करून. बरोबर तिची धाकटी जाऊ होती. तीच तक्रार. जाऊ उभीच होती, बसत नव्हती.

“बस गं,” आशामती तिला म्हणाली. “खुर्ची सरकारची हाय.” मग माझ्याकडं वळून, “मॅडम, हिला निस्तं नको म्हणून पाठवू नका. मंग काय, ते बी सांगा.”

मी सांगितलं. हंगामभराच्या गोळ्या दिल्या, प्लास्टिकच्या डब्यात घालून, भिजू नयेत म्हणून. कोणती कधी घ्यायची ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. केंद्राचा फोन दिला. फडावर आडोसा नाहीच, हेही सांगितलं.

गोळ्या तिला पुरतील का, ती घेईल का, चक्कर आली तर मुकादम तिला कुठं नेईल, यातलं मला काही माहीत नाही. पट्टा पडल्यावर कळेल. तोपर्यंत कुणी आमच्या तालुक्याचा आकडा विचारला, तर बायका अजून परतलेल्या नाहीत एवढंच उत्तर द्यायचं, असं मी आणि साहेबांनी ठरवलंय.